मदत हवी आहे : माइल्स कुठल्या खात्यात टाकू?
मंडळी, विस्तारा विमान कंपनीचे साठवलेले पॉइंट्स (म्हणजे माइल्सच) नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणानंतर एअर इंडियाच्या महाराजा क्लबात, म्हणजे त्यांच्या पॉइंट्सच्या योजनेत, आलेत. आता आईला घेऊन लुफ्थान्साने मुंबई-फ्रँकफर्ट जायचंय, लुफ्थान्सा आणि एअर इंडिया दोन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या, म्हणजे माइल्स त्यातल्या कुठल्याही कंपनीच्या खात्यात घेता येतात, पण तिकिटावर बुकिंग क्लासचं एक बारकं अक्षर असतं आणि किती माइल्स पडणार ते बऱ्याच खात्यांत त्यावर ठरतं, तर पैसे भरायच्या आधी ते कुठे बघायचं? मला स्टार अलायन्सचं गोल्ड (खूप प्रवास करणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा) हवंय ते विमानतळावरच्या लाउंजसाठी, सोबतच्या एकालाही नेता येतं ना, आईचे गुडघे दुखतात, गेटपाशी तासन्तास बसवत नाही तिला. आणि मुंबई-दिल्लीला फुल सर्व्हिसवाली (जेवण वगैरे तिकिटातच देणारी) कंपनी आता एअर इंडिया एकच उरली, मग पॉइंट्सची किंमत उतरतच जाणार का? खरंच वापरलेल्यांनी सांगा प्लीज.