आजीचा फोटो बाहेर नैसर्गिक उजेडात काढायचाय, दर वेळी चेहरा काळा येतोय, सल्ला द्या

वाईकर_नवा
मंडळी नमस्कार. दिवाळीत सेकंडहँड कॅनन १५००डी कॅमेरा घेतला, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स (१८ ते ५५ एमएम झूम) आहे, बाकी काही नाही. पुढच्या महिन्यात आजीचा अमृतमहोत्सव आहे आणि हॉलच्या दारात लावायला मोठा फोटो मी काढतो असं घरात जोशात बोलून बसलोय.

तर परवा रविवारी आजीला वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटावर नेलं, नऊवारी नथ सगळं घालून, पोचेपर्यंत ११ वाजले. दोनशेच्या वर फोटो काढले आणि एकही लावण्यासारखा नाही. उन्हाकडे तोंड केलं की ती डोळे मिचकावते आणि डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. उन्हाकडे पाठ केली तर चेहरा काळा. झाडाखाली बसवली तर अर्ध्या गालावर उन्हाचे कवडसे आणि बाकीचा चेहरा हिरवट, आजारी असल्यासारखा. आणि जवळून काढलेल्यात नाक एवढं मोठं आलंय की आजीने बघून कॅमेराच माझ्या हातात परत दिला. दुकानात विचारलं तर तो म्हणतो फ्लॅश घ्या. बजेट ओढूनताणून दोन हजार. काय घेऊ?

लेन्सवेडा
५० एमएम एफ १.८ लेन्स घे भावा, डोळे झाकून (एफचा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते). बजेट थोडं वाढव, सेकंडहँड बघ. मागचं सगळं लोण्यासारखं धूसर होतं, किट लेन्सवर पोर्ट्रेटचा नाद सोड.

जुना_रोल
लेन्स चांगली आहे यात वाद नाही, पण या पोराचा प्रॉब्लेम लेन्सचा नाहीये हो. ११ च्या उन्हात एफ १.८ वर त्याचा कॅमेरा १/४००० सेकंदाच्या शटरपुढे जात नाही, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ठेवला तरी फोटो पांढराफटक येईल. शिवाय दीड मीटरवरून त्या लेन्सची फोकसची जाडी पाच-सहा सेंटीमीटर, डोळा शार्प आला तर कान गेला, आणि नवशिक्याचा बहुतेक वेळा नथीवरच फोकस बसतो.

वाईकर, काही घेऊ नका. मी रोलच्या जमान्यापासून स्टुडिओत काम केलंय, ३६ फोटोंत लग्नाचा अर्धा दिवस काढायचो, त्यामुळे आधी उजेड बघायचा आणि मग बटण दाबायचं ही सवय लागली. तुम्ही जागा बघून गेलात, उजेड बघून नाही. एक करा, स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. बोटांच्या खाचा कुठे काळ्याकुट्ट होतात आणि कुठे मऊ होतात ते दिसेल. जिथे मऊ होतात तिकडे माणसाचं तोंड करायचं.

सगळ्यात सोपी जागा तुमच्या घरातच असणार. जुनं घर असेल तर पडवी, नाहीतर मुख्य दरवाजा. आजीला उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर बसवा, तोंड अंगणाकडे. डोक्यावर छप्पर असल्यामुळे वरून येणारा उजेड अडतो म्हणजे डोळ्यांचे खड्डे गेले, समोरच्या आभाळाचा आणि अंगणाचा उजेड तोंडावर येतो, मागे घर आपोआप अंधारं. डोळ्यांत उघड्या दाराची चमक दिसते, ती नसली की माणूस फोटोत मेल्यासारखा दिसतो. आम्ही हीच चमक आणायला स्टुडिओत दोन दोन लाईट लावायचो!

तिरकी_सावली
जुना_रोल काकांना अनुमोदन. हिरवट का आलं ते सांगते, झाडाखाली पानांतून गाळून आणि खालच्या गवतावरून उसळून जो उजेड येतो तो हिरवाच असतो. लाल भिंतीशेजारी उभं केलं तर गाल लाल येतात तसंच. म्हणून सावली हवी पण भिंतीची किंवा छपराची, झाडाची नको, आणि झाडाचीच असेल तर एकदम दाट आणि अगदी कडेला.

आणि घाटाचं म्हणाल तर तिथला दगड काळा. काळा दगड उजेड खातो, खालून तोंडावर काहीच परत येत नाही. वर कॅमेऱ्याला एवढा काळा दगड दिसला की तो फोटो उगाच उजळवतो आणि चेहरा पांढरा होऊन उडतो. मागे पांढरं आभाळ असलं की बरोबर उलटं, कॅमेरा सगळंच दाबतो आणि तुमच्यासारखं काळं तोंड येतं. त्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) असतं, मागे आभाळ असेल तर +१ पर्यंत न्या, काळा दगड असेल तर -०.७ वगैरे. नऊवारीचा जरीकाठ पांढरा होऊन उडत नाहीये ना तेवढं बघा, आभाळ उडालं तर उडू दे, ते कोण बघतंय.

लेन्सवेडा
बरं मान्य. पण नाक मोठं आलं त्याचं काय? ते लेन्समुळेच ना 😄

तिरकी_सावली
लेन्समुळे नाही, तो १८ वर ठेवून आजीच्या तोंडाशी गेला म्हणून. वाईकर, लेन्स ५५ वर न्या आणि तुम्ही दोन-अडीच मीटर मागे सरका, नाक जागेवर येईल. ५५ ला ती लेन्स एफ ५.६ च्या खाली उघडत नाही, म्हणून मागचं धूसर हवं असेल तर आजीला भिंतीला चिकटवू नका, मागे पाच-सात मीटर मोकळं सोडा.

भटका_ट्रायपॉड
घाटावरच हवा असेल तर संध्याकाळी जा. पण एक गंमत, परदेशी व्हिडिओत तो सोनेरी उजेड तासन् तास चालतो तसं आपल्याकडे होत नाही, आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. आणि वाईला चारी बाजूंनी डोंगर, मोबाईल सूर्यास्त साडेसहाला दाखवत असला तरी ऊन त्याआधीच डोंगराआड जातं. मी एकदा तिथेच वेळेवर पोचून ट्रायपॉड उघडेपर्यंत ऊन गायब, मग भजी खाऊन परत. पाचला तिथे हजर राहा. ऊन आजीच्या मागून तिरकं येऊ दे, पदराच्या कडेला आणि केसांना झळाळी येते, आणि समोरून थर्माकोलचा पांढरा शीट धरा, स्टेशनरीच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतो. धरायला एक भाऊ लागतो फक्त. व्हाईट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, तो कॅमेरा संध्याकाळचा पिवळेपणा धुऊन काढतो, शेड किंवा क्लाउडीवर ठेवा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढलं तर नंतरही बदलता येतं.

जुना_रोल
७५ वर्षांच्या बाईला घाटाच्या पायऱ्या दोनदा उतरवायच्या का ते पण बघा जरा.

आणि चष्मा असेल तर काडी कानावरून किंचित वर उचला, काच खाली झुकते आणि आभाळाची चमक जाते. उंचीचं म्हणाल तर कॅमेरा आजीच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा, ती बसली असेल तर तुम्ही पण मांडी घाला. फोकसला मधला एकच पॉइंट निवडा, कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर धरा, अर्धं बटण दाबून मग फ्रेम जुळवा.

वाईकर_नवा
अपडेट. घाट रद्द, पडवीत काढले. सकाळी ९ ला, अंगणात ऊन होतं आणि आजी सावलीत. लेन्स ५५, एफ ५.६, १/१६०, आयएसओ ४००. फरशीवर तिच्या पायाशी पांढरी चादर टाकली तर हनुवटीखालचा काळा पट्टा बराच गेला, थर्माकोल आणलाच नाही. सुरुवातीला ती पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ बसली होती, मग तिला शेंगा सोलायला दिल्या आणि शेजारच्या काकू कंपाउंडवरून बोलायला लागल्या, त्यातले ६ फोटो फार भारी आलेत. ४० च काढले एकूण. नथ थोडी तिरकी आहे पण घरच्यांना तोच आवडलाय.

आता १२ बाय १८ इंच छापायचा तर हा कॅमेरा पुरतो का? आणि ग्लॉसी का मॅट?

तिरकी_सावली
पुरतो की. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचापर्यंत आरामात जातं, फक्त फार क्रॉप करू नका. हॉलच्या दारात लावणार म्हणजे समोर ट्यूबलाईट असणार, ग्लॉसी नको, मॅट घ्या. शेंगांची परात फ्रेममध्ये ठेवलीत ना?

वाईकर_नवा
ठेवली. आई म्हणते क्रॉप कर, आजी म्हणते राहू दे.