मॅनर हाऊसमधला फ्लॅट: छतावरचं कापलेलं फूल

लेमिंग्टनकर
वॉरिकशायरमध्ये अठराव्या शतकातल्या एका मॅनर हाऊसचे, म्हणजे जमीनदाराच्या जुन्या वाड्याचे, फ्लॅट केलेत. त्यातला पहिल्या मजल्यावरचा एक काल पाहिला. उंचच उंच खिडक्या, बायको तर बघताक्षणी भाळली. पण बेडरूमच्या छतावर प्लास्टरचं मोठं फूल आहे आणि ते कापलेलं आहे. चार पाकळ्या आमच्याकडे, बाकीचं फूल भिंतीपलीकडे. हे असंच असतं का? घर घ्यावं का?

मालती_लेस्टर
नाही हो, असं असायलाच हवं असं नाही. मी वीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, तरी असं छत पाहिलं की पोटात तुटतं. फूल खोलीच्या बरोबर मध्यावर असतं, त्याखाली झुंबर. म्हणजे तुमची बेडरूम हा एका मोठ्या दालनाचा तुकडा आहे. छताच्या कडेची कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली प्लास्टरची नक्षीदार पट्टी, बघा. तीन भिंतींवर असेल आणि चौथीवर नसेल, तर चौथी भिंत नंतरची.

रटलंडमधला बर्ली-ऑन-द-हिल हा वाडा बघा. डॅनियल फिंच या उमरावाने १६९०च्या दशकात बांधलेला, १९०८च्या आगीत होरपळलेला. किट मार्टिन या वास्तुरचनाकाराने त्याची घरं केली. मजल्यांप्रमाणे आडवं कापण्यापेक्षा उभं कापायचं आणि मोठी दालनं अखंड ठेवायची, ही त्याची पद्धत. प्रत्येकाला स्वतःचं दार, स्वतःचा जिना. मला तीच पटते.

तुमच्या जवळचा स्टोनली ॲबे हा वाडाही बघून या. पश्चिमेची बाजू फ्रान्सिस स्मिथ या वास्तुरचनाकाराने १७१४ ते १७२६ या काळात बांधली. १८०६ मध्ये कादंबरीकार जेन ऑस्टिनची आई तिथे राहिली, तेव्हा तिने पत्रात समोरच्या खिडक्या मोजून लिहिल्या: ४५, एका ओळीत १५. आता तिथेही फ्लॅट आहेत, पण मुख्य दालनं अखंड आहेत आणि लोकांना बघता येतात. बाहेर उभं राहून खिडक्यांची ओळ नीट बघा. आत नवी भिंत घालायची तर ती दोन खिडक्यांमधल्या भरीव भागावरच टेकवावी लागते, नाहीतर खिडकीच दुभंगते. अशा घरांत खोल्यांची मापं माणसांच्या सोयीने ठरत नाहीत, खिडक्या ठरवतात.

वरचा_मजला
आम्ही अशाच एका घरात, पूर्वीच्या नोकरांच्या मजल्यावर राहतो. खिडक्या बुटक्या, पण छत अखंड! घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा इमारतींच्या यादीत, असेल तर संरक्षण आतल्या भागालाही असतं, परवानगीशिवाय खिडक्या बदलता येत नाहीत. आम्ही आतून दुसरी काच बसवली, त्यालाही आधी विचारावं लागलं. थंडीत गरम करायचा खर्च विचारून घ्या. सर्व्हिस चार्जही.

लेमिंग्टनकर
आज पुन्हा गेलो. चौथ्या भिंतीवर कॉर्निस नाही. शेजारच्या आजींनी आत बोलावून त्यांचं छत दाखवलं: आठ पाकळ्या आणि झुंबराचा हुक त्यांच्याकडे. मूळ दालनाला तीन खिडक्या होत्या, मधली फुलाच्या समोर. तिला वाचवायला भिंत बाजूला सरकवली आणि फूल कापलं गेलं. आम्ही हा फ्लॅट घेत नाही. रविवारी स्टोनलीला जातोय.