नबी : संदेष्टा, प्रेषित की भविष्यवादी?

पाटीपेन्सिल
बायबलमधल्या यशया, यिर्मया, आमोस, मीखा या मंडळींबद्दल मराठीत लिहिताना संदेष्टा, प्रेषित, पैगंबर, भविष्यवादी आणि द्रष्टा असे पाच शब्द समोर येतात. कित्येक लेखांत ते सरमिसळ वापरलेले दिसतात. मूळ हिब्रूत एकच शब्द आहे की वेगवेगळे? आणि आमोसच्या पुस्तकात ७:१४ (अध्याय ७, वचन १४) मध्ये तो ‘मी संदेष्टा नाही’ म्हणतो, मग लगेच पुढच्या ओळीत परमेश्वराने मला संदेश द्यायला पाठवलं असंही सांगतो. हे मराठीत कसं मांडायचं?

अनुस्वार
मुख्य शब्द ‘नावी’, अनेकवचन ‘नेवीईम’. अरबीतला नबी त्याच घराण्यातला. अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेत ‘नबू’ म्हणजे हाक मारणे, नाव घेणे. त्यावरून नावी म्हणजे हाक देणारा की ज्याला हाक आली तो, हा वाद अजून मिटलेला नाही. पण व्युत्पत्तीपेक्षा वापर बघावा. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात ७:१ मध्ये मोशेला सांगितलंय की तुझा भाऊ अहरोन तुझा नावी होईल. हीच व्यवस्था ४:१६ मध्ये ‘तो तुझं तोंड होईल’ अशी सांगितली आहे. मोशे जिभेला जड, म्हणून त्याच्या वतीनं अहरोन बोलणार. तेव्हा नावी म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या वतीनं बोलून दाखवणारा. ‘परमेश्वर असे म्हणतो’ हे त्याचं ठरलेलं पालुपदही निरोप्याचंच आहे.

ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘प्रोफेटेस’ घेतला. त्यातल्या ‘प्रो’चा अर्थ वतीनं, समोर असाही होतो. पुढे युरोपात ‘आधीच’ हा अर्थ वरचढ झाला आणि त्या वाटेनं जुन्या मराठी भाषांतरांत ‘भविष्यवादी’ आला. मराठी वाचकाला भविष्य म्हटलं की पत्रिका आणि पंचांग आठवतं. ‘अनुवाद’ नावाच्या बायबलमधल्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात तर शकुन पाहणं, मृतांना विचारणं यांवर आधी बंदी आहे आणि त्याला पर्याय म्हणून नावी दिला आहे. म्हणजे ज्याच्या विरोधात हा माणूस उभा केला, त्याचंच नाव आपण त्याला दिलं!

ओवी
थोडं सबुरीनं. त्याच १८व्या अध्यायात नावीची कसोटी दिली आहे: बोललेलं घडलं नाही तर ते वचन परमेश्वराचं नव्हे. म्हणजे पुढचं सांगणं हा कामाचा भाग होताच.

अनुस्वार
होता, पण अटीवर. योना हा नावी निनवे शहरात सांगतो की ४० दिवसांत शहर उलथून पडेल. लोक पश्चात्ताप करतात आणि शहर वाचतं. ज्योतिषाच्या हिशेबानं भाकीत चुकलं, नावीच्या हिशेबानं काम फत्ते झालं. याहून पक्का पुरावा यिर्मया २६:१८ मध्ये आहे. मंदिर उद्ध्वस्त होईल असं बोलल्याबद्दल यिर्मयाला देहदंड मागितला जातो. तेव्हा वडीलधारे उठून म्हणतात, सुमारे शंभर वर्षांपूर्वी मीखाही ‘सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल’ असं बोलला होता; हिज्कीया राजानं त्याला मारलं नाही, तो देवाला शरण गेला आणि अरिष्ट टळलं. मीखाचं बोलणं त्या वेळी खरं ठरलं नाही, म्हणून तो खोटा असं कुणीही म्हणत नाही. एका संदेष्ट्याच्या ग्रंथात दुसऱ्याचं नाव घेऊन त्याचं वचन दिल्याचं हे एकमेव उदाहरण, आणि ते नेमकं न झालेल्या भाकिताचं आहे.

कोकणकडा
‘प्रेषित’बद्दल. सर्वसाधारण मराठीत ‘प्रेषित महंमद’ रूढ आहे, म्हणून तोच यशयाला लावायचा मोह होतो. पण मराठी बायबलमध्ये प्रेषित हा शब्द येशूने पाठवलेल्या शिष्यांसाठी राखलेला आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तकाचं नावच आहे. ख्रिस्ती वाचक ‘प्रेषित आमोस’ वाचून अडखळेल. पैगंबर फारसी आहे, पैगाम आणणारा. अर्थानं अगदी जवळचा, पण मराठीत त्याला इस्लामी संदर्भ इतका चिकटलाय की आठव्या शतकातल्या (इसवी सनापूर्वीच्या!) माणसाला तो घातला की काळच बदलतो.

नबी मात्र मराठीला परका नाही. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे यहुदी, एलीया या संदेष्ट्याला ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतात. ‘ह’ हे हिब्रूतलं निश्चिततादर्शक उपपद, इंग्रजी ‘द’सारखं. नवस फेडताना, लग्नाआधी, शुभप्रसंगी त्याच्या नावानं मलिदा होतो: गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं. अलिबागजवळ खंडाळे इथल्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात. (२ राजे २:११ नीट वाचलं तर एलीया वावटळीतून वर जातो, अग्निरथ फक्त तो आणि त्याचा शिष्य अलीशा यांच्या मध्ये येतो. लोकांनी त्याला रथात बसवला तो बसवलाच.) बेने इस्रायलांबद्दल लिहिताना ‘एलीया संदेष्टा’ असं शुद्धीकरण करू नये.

अनुस्वार
आता आमोस. तिथे दोन शब्द आहेत आणि भाषांतरात ते एकच झाले तर संवादातली हवा जाते.

हिब्रूत नावीखेरीज ‘रोए’ आणि ‘होझे’ असे दोन शब्द आहेत, दोन्हींचा अर्थ पाहणारा. १ शमुवेल ९:९ मध्ये शब्दकोशासारखी टीपच आहे की ज्याला आता नावी म्हणतात त्याला पूर्वी रोए म्हणत. त्याच प्रसंगात शौल (जो पुढे राजा झाला) हरवलेल्या गाढवींचा पत्ता विचारायला निघालाय आणि द्रष्ट्याला द्यायला चाकराजवळ पाव शेकेल चांदी आहे, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. सल्ल्याचं मानधन.

आमोस तकोवचा, यरुशलेमच्या दक्षिणेला सोळाएक किलोमीटरवरचं गाव. इ.स.पू. ७६०च्या सुमारास तो उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलला. तिथला याजक अमस्या त्याला ‘होझे’ म्हणून हाक मारतो आणि सांगतो, यहूदात (दक्षिणेच्या राज्यात, आमोसच्या मुलखात) जा, तिकडे भाकर खा, तिकडे संदेश दे. ‘भाकर खा’ हा टोमणा आहे: हा तुझा पोटाचा धंदा, तो तुझ्या मुलखात कर. त्यावर आमोसचं उत्तर, ‘मी नावी नव्हे, नावीचा बेनही नव्हे.’ बेन म्हणजे मुलगा, पण इथे जन्मदात्याचा संबंध नाही. ‘बेने हन्नेवीईम’ हे अलीशाच्या भोवती एकत्र राहणारे, एकत्र जेवणारे शिष्यगण. बेने इस्रायलमधलं ‘बेने’ तेच. तेव्हा ‘संदेष्ट्याचा पुत्र’ऐवजी ‘संदेष्ट्यांच्या मंडळीतला’ लिहावं. मी गुरं राखणारा, उंबरवर्गी झाडांची निगा राखणारा, असं तो पुढे सांगतो. त्या झाडाच्या कच्च्या फळांना चीर देतात म्हणजे ती लवकर पिकतात. सांगायचं एवढंच की पोट भरायला माझ्याकडे दुसरं काम आहे.

राहिला काळाचा प्रश्न. हिब्रू वाक्यात क्रियापदच नाही, त्यामुळे ‘नाही’ आणि ‘नव्हतो’ दोन्ही वाचता येतात. ‘नव्हतो’ घेतलं तर विरोधाभास नाहीसा होतो: आधी नव्हतो, बोलावल्यावर झालो. ‘नाही’ घेतलं तर तो पेशा नाकारतोय, काम नाही. मराठीत सुदैवानं ‘नव्हे’ आहे. ‘मी संदेष्टा नव्हे’ यात काळ पक्का होत नाही आणि ठसका तसाच राहतो. मी डोळे मिटून ‘नव्हे’ घेईन.

ओवी
खोट्या संदेष्ट्यांचं काय? यिर्मया २८ मध्ये हनन्या यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडतो आणि दोन वर्षांत मंदिराची लुटून नेलेली पात्रं बाबेलहून (बॅबिलोनहून) परत येतील म्हणून सांगतो. त्याला ‘खोटा संदेष्टा’ लिहायचं का?

अनुस्वार
भाषांतरात नको. हिब्रू पाठ दोघांनाही सरसकट नावीच म्हणतो, म्हणून तर जमलेल्या लोकांना कोण खरा ते कळत नाही. ‘खोटा’ हा शिक्का ग्रीक भाषांतरानं मारला. विवेचनात खुशाल लिहा.

कोकणकडा
रूपांबद्दल. संदेष्टा हा द्रष्टा, स्रष्टा यांच्यासारखा चालतो: संदेष्टे, संदेष्ट्याने, संदेष्ट्यांना. ‘संदेष्टाने’ चूक. स्त्रीलिंगी संदेष्ट्री. मिर्याम, दबोरा आणि हुल्दा या बायबलमधल्या स्त्रियांना हिब्रूतही ‘नेवीआ’ हे स्त्रीलिंगी रूप आहे. इ.स.पू. ६२२मध्ये मंदिरात सापडलेला नियमग्रंथ योशीया राजानं तपासायला पाठवला तो हुल्दाकडे. ‘स्त्री संदेष्टा’ लिहायची गरज नाही.

‘लहान संदेष्टे’ हे कमी महत्त्वाचे नव्हेत, त्यांचे ग्रंथ लहान. यशयाचे ६६ अध्याय, ओबद्याचा एकच, त्यात २१ ओव्या. म्हणजे वचनं, ओवीताई रागावू नका. आणि यहुदी परंपरेबद्दल लिहीत असाल तर दानीएलला त्यांच्या बायबलच्या नेवीईम (संदेष्टे) विभागात घालू नका, तो त्यांच्याकडे ‘केतुवीम’ (लेख) या विभागात येतो. उलट यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे ही इतिहासाची वाटणारी पुस्तकं मात्र नेवीईममध्येच आहेत.