पुणे विद्यापीठात एमएस्सी केमिस्ट्री: विभाग की कॉलेज? खर्चासकट सल्ला हवा

पाटाचं_पाणी
भाचीची बीएस्सी (केमिस्ट्री) यंदा जळगावच्या उमविमधून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) संपतेय. सीजीपीए ८.१. प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न दाखल्यावर २ लाख २० हजार. एमएस्सी पुण्यालाच करायची हे ठरलंय. अडलंय ते तीन गोष्टींपाशी.
१. गणेशखिंडीतला विद्यापीठाचा विभाग धरावा की संलग्न कॉलेज?
२. तिथे मुलं कुठली असतात, वेळेत पास किती होतात, पुढे काय करतात, हे ऐकीव गप्पांऐवजी कागदावर कुठे बघायला मिळेल?
३. वर्षाला एकूण किती रुपये लागतील? फी नव्हे, एकूण.

खडूफळा
आधी एक गोंधळ मिटवा. 'पुणे विद्यापीठ' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे गणेशखिंडीतल्या ४११ एकरांतले विभाग. दुसरी म्हणजे पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली शेकडो संलग्न कॉलेजं. पदवीवर नाव एकच येतं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण प्रवेशाची रीत, प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि फी, सगळं निराळं. त्यात फर्ग्युसनसारखी स्वायत्त कॉलेजं हा तिसरा प्रकार. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका फाइलीत आहे आणि ती कोणी उघडत नाही. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ काढा आणि त्यात 'पीजी, दोन वर्षांचे अभ्यासक्रम' ही ओळ शोधा. मुलं-मुली किती, राज्यातले किती, परराज्यातले किती, परदेशी किती, आर्थिकदृष्ट्या मागास किती, किती जणांची पूर्ण फी सरकारने भरली, किती जणांना पूर्ण फीची भरपाई मिळाली नाही, सगळे रकाने आहेत. पुढच्या तक्त्यात दाखल किती झाले, ठरल्या मुदतीत उत्तीर्ण किती, नोकरीला किती लागले, मध्यक पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) किती आणि पुढच्या शिक्षणाला किती गेले.

वाचायचं कसं ते काल्पनिक आकड्यांवर दाखवतो. समजा ८०० दाखल, ६४० वेळेत उत्तीर्ण, १९० नोकरीला, १२० पुढे शिकायला. म्हणजे १६० जण वेळेत बाहेर पडले नाहीत. ६४० पैकी ३१० जणांचा पत्ता लागतो, ३३० जणांचा लागत नाही. मध्यक पगार आहे तो फक्त त्या १९० जणांचा. आणि या ओळीत एमए, एमकॉम, एमएस्सी सगळे एकत्र कालवलेले असतात, त्यामुळे केमिस्ट्रीचा पगार त्यातून काढता येत नाही. तो विभागाच्या प्लेसमेंट कक्षाकडेच मागायचा. मागताना 'सर्वांत मोठं पॅकेज किती' असं विचारू नका. 'मागच्या बॅचचे किती जण अजून घरी आहेत' असं विचारा.

तिसरी_घंटा
एनआयआरएफचा विषय निघालाच आहे तर: २०२४ मध्ये हे विद्यापीठ विद्यापीठांच्या यादीत २३वं आणि राज्य सार्वजनिक विद्यापीठांत ३रं होतं. २०२५ मध्ये अनुक्रमे ५६वं आणि ११वं. वर्षभरात इतकी घसरण झाली म्हणून प्रयोगशाळा बंद पडल्या असं नाही. १०० पैकी ३० गुण अध्यापन आणि साधनांचे, ३० संशोधनाचे, २० निकालांचे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहिल्या की पहिल्या ३० गुणांना कात्री लागते. म्हणून क्रमांकावरून भांडण्याऐवजी विभागाच्या पानावर जाऊन कायम प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे आणि कंत्राटी किती, ते मोजा. सेंद्रिय रसायनाला कायम माणसं दोनच दिसली तर प्रोजेक्टला मार्गदर्शक मिळताना ओढाताण होणार.

आणि हे आकडे कॅम्पसचे आहेत. एखादं संलग्न कॉलेज 'आमचं विद्यापीठ देशात अमुक क्रमांकाचं' असं जाहिरातीत छापत असेल तर त्या क्रमांकाशी त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचा काही संबंध नाही.

खडूफळा
+१. विभाग की कॉलेज याबद्दल माझं मत विभागाकडे झुकतं, पण एका अटीवर: तिला संशोधन किंवा नेट-सेटकडे (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा) जायचं असेल तर. ग्रंथालय, मोठी उपकरणं, व्याख्यानांना येणारी माणसं आणि पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर (केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) ही दोन्ही हाकेच्या अंतरावर, हा फायदा खरा आहे. औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणी) लागायचं असेल तर एखाद्या कॉलेजची अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीची एमएस्सी जास्त उपयोगी पडू शकते. तिथे विचारायचा प्रश्न एकच: एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालू आहे का, आणि आठवड्यातून किती तास मुलांच्या हाताखाली असतं? काचेच्या कपाटात झाकून ठेवलेलं यंत्र शेकडो कॉलेजांत सापडेल.

स्पेशलायझेशनचंही विचारून घ्या. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षापासूनच ऑरगॅनिक किंवा अ‍ॅनालिटिकल ठरलेलं असतं. जिथे ते नंतर वाटतात तिथे कशावर वाटतात ते माहितीपत्रकात असतं. ऑरगॅनिकला सगळ्यांची झुंबड. पहिल्या सत्रात ढिलाई झाली की नको असलेली शाखा पदरात पडते.

रोकडवही
तिसरा प्रश्न माझा. वसतिगृह मिळालं नाही असं धरूनच हिशेब करा. मिळालं तर आनंद. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशापेक्षा वेगळा असतो, तारीखही वेगळी. प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असं समजून बसणारे दरवर्षी असतात.

एका वर्षाचा अंदाज, फी सोडून, कॉट बेसिसवर (सामायिक खोलीतली एक खाट भाड्याने):
कॉट ५,००० × ११ महिने = ५५,०००
मेस, दोन वेळ, ३,५०० × १० = ३५,०००
नाश्ता, चहा, रविवारची रात्र (मेस बंद) १,५०० × १० = १५,०००
शहरातला प्रवास ८०० × १० = ८,०००
जर्नल, झेरॉक्स, एप्रन, पुस्तकं ५,०००
जळगावला सहा फेऱ्या, रेल्वेने, ८०० प्रमाणे ४,८००
परीक्षांचे अर्ज वगैरे ३,०००
बेरीज १,२५,८००. पहिल्या महिन्यात डिपॉझिटचे १०,००० वेगळे, ते परत मिळतात (मालक भला असेल तर पूर्ण).

औंध, बाणेर, मॉडेल कॉलनी धरली तर कॉटचा आकडा वाढतो. जुनी सांगवी, बोपोडी, खडकी या बाजूला कमी. लांब राहून भाडं वाचवणार असाल तर गणेशखिंड रस्त्याची गर्दी हिशेबात धरा. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, त्यानंतर तिथे कितीतरी वर्षं कामं चालली. सकाळच्या प्रॅक्टिकलला दहा मिनिटं उशीर झाला तर हजेरी गेली. महाराष्ट्र एक्सप्रेस जळगाव ते पुणे थेट आहे, पण दिवाळीचं आरक्षण दोन महिने आधी, ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी काढा.

मेसची पूर्ण महिन्याची रक्कम देण्याआधी तीन दिवस सुटं जेवा. आणि 'सुट्टी कट' विचारा: सलग किती दिवस गैरहजर राहिलं तर पैसे वजा होतात. कुठे ३, कुठे ५, कुठे अजिबात नाही.

पाटाचं_पाणी
खूप उपयोगी. फीबद्दल कोणीच आकडा सांगितला नाही? शिवाय शिष्यवृत्ती महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) भरली की झालं ना? मुलींना फी माफ झाली असंही ऐकतोय.

रोकडवही
आकडा मुद्दाम सांगितला नाही, कारण अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाच कॉलेजात एकाच विषयाच्या दोन्ही तुकड्या असू शकतात. माहितीपत्रकात शिकवणी शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा, पात्रता, अनामत असं शीर्षकवार फोडून बघा. सवलत मुख्यतः शिकवणी आणि परीक्षा शुल्कावर मिळते. ज्या कॉलेजात शिकवणी शुल्क कमी आणि 'विकास', 'इतर उपक्रम' जास्त, तिथे सवलत घेऊनही खिसा रिकामाच. अनामत शेवटी ना-देय दाखल्यावर परत मिळते. ती पावती दोन वर्षं जपून ठेवा.

मुलींच्या फीमाफीचा जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे: इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. साधी एमएस्सी त्यात धरू नका.

महाडीबीटीवर अर्ज कुठे अडकतो ते लिहून घ्या:
• कोर्सचं नावच यादीत दिसत नाही. नव्या विनाअनुदानित कोर्सांना हे हमखास होतं. प्रवेशाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर 'हा कोर्स पोर्टलवर जोडलाय का' हे विचारा. कारकून हो म्हणाला तर मागच्या वर्षी किती मुलींचे पैसे आले तेही विचारा.
• पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. बारावीला उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं असेल तर रक्कम परत फिरते.
• दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक.
• अर्ज कॉलेजच्या स्क्रुटिनीत पडून राहतो. भरल्यावर आठ दिवसांनी स्थिती बघा. 'त्रुटी' म्हणून परत आला तर मुदतीत दुरुस्त करावा लागतो. फोन कोणी करत नाही.
• दुसऱ्या वर्षी नवा अर्ज भरायचा नाही, नूतनीकरण करायचं.

राहण्या-जेवणासाठी ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,०००: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. मुलगी त्या शहरातली रहिवासी नसावी, शासकीय वसतिगृहात तिला जागा मिळालेली नसावी. जिल्ह्याला संख्या ठरलेली असल्याने गुणवत्ता यादी लागते. (अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि जमातींसाठी स्वयम् याच धर्तीवर.) वरच्या १,२५,८०० चा हा निम्म्याहून थोडा कमी भाग झाला. पण हप्ते उशिरा येतात, भाडं मात्र १ तारखेला जातं. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे घरातूनच उभे करा.

तिसरी_घंटा
कागदपत्रांची भर. ती उमविची असल्याने टीसीबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र लागेल आणि पात्रता अर्ज भरावा लागेल. उमविकडे स्थलांतराचा अर्ज निकाल लागल्याच्या आठवड्यातच करा. हे राहिलं की दुसऱ्या सत्राच्या निकालावर 'पात्रतेसाठी राखीव' असा शेरा येतो. एनसीएल चालू आर्थिक वर्षात वैध असलेलं हवं. (इथे एनसीएल म्हणजे नॉन क्रीमीलेअर. पुण्यात केमिस्ट्रीवाल्यांशी बोलताना हे स्पष्ट करा, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेलाही एनसीएलच म्हणतात, ते पाषाणला पाठवतील.) ८.१ चे टक्के किती, हे गुणपत्रिकेमागे सूत्र छापलेलं नसेल तर उमविकडून पत्र घ्या. स्वतः १० ने गुणू नका. क्रेडिट जमा व्हायला एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) हवा, त्यावरचं नावही आधारप्रमाणेच.

विभागाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज बीएस्सीच्या शेवटच्या सत्राचा निकाल यायच्या आधीच सुटतो. निकालाची वाट बघत थांबू नका.

एकीकडे कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवायचा आणि विभागात नंबर लागला की सोडायचा, हे सगळेच करतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी परत (प्रक्रिया शुल्क वजा जाता), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढचे १५ दिवस ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, मग शून्य. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मूळ टीसी अडवून ठेवायचा अधिकार कोणालाही नाही.

खडूफळा
अभ्यासाच्या बाजूने थोडं. नव्या रचनेत दोन वर्षांची ८८ क्रेडिट, सत्राला २२. त्यात मुख्य विषय ५४, ऐच्छिक १६, संशोधन पद्धती ४, प्रत्यक्ष कामाचा अनुभव ४, संशोधन प्रकल्प १०. पहिल्या वर्षानंतर ४४ क्रेडिटवर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, पण केमिस्ट्रीच्या बाजारात त्या पदविकेला कोणी विचारत नाही.

दुसऱ्या सत्रातला कामाचा अनुभव हीच खरी संधी. जागा जानेवारीत शोधायला लागा. उशीर केला की कुठलं तरी शिक्क्यापुरतं पत्र आणावं लागतं आणि ते मुलाखतीत उघडं पडतं.

नेट-सेटसाठी एमएस्सीला ५५ टक्के लागतात, ओबीसी नॉन क्रीमीलेअरला ५०. पूर्णांक करत नाहीत. ४९.९ म्हणजे ४९.९. ८.१ च्या मुलीला हे दूरचं वाटेल, पण फिजिकल केमिस्ट्रीचा एक विषय राहिला की सरासरी पटकन खाली येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट हेच विद्यापीठ घेतं: दोन पेपर, ५० प्रश्न १०० गुणांचे आणि १०० प्रश्न २०० गुणांचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सीएसआयआर नेटला मात्र गुण कापतात, तिथे अंदाजपंचे गोळे टाकू नका. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि वर घरभाडं.

पाटाचं_पाणी
दोन्हीकडे अर्ज भरतोय. विभागाला पहिली पसंती, शहरातलं एक अनुदानित तुकडीचं कॉलेज दुसरी. पीडीएफ उघडली, 'पूर्ण फीची भरपाई मिळाली नाही' या रकान्यातला आकडा बघून रोकडवही यांचा तक्ता भाऊजींना पाठवलाय.

रोकडवही
पाठवलात ते बरं केलंत. त्यात एक ओळ राहिली: दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी रसायनं कोण देतं ते विचारा. काही ठिकाणी विद्यार्थ्यानेच आणायची असतात. तसं असेल तर जर्नल-पुस्तकांच्या ५,००० च्या जागी १०,००० धरा.