रास्पबेरी पायला लावलेल्या यूएसबी हार्डडिस्क रात्रीतून गायब होतात, नवीन कुठली घेऊ?

अर्धाचहा:
नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. घरी रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर) आहे, त्याला दोन २.५ इंची पोर्टेबल हार्डडिस्क थेट लावल्यात, २ टीबीची आणि ४ टीबीची. २ टीबीवर घरचे फोटो, थोडे पिक्चर आणि आजोबांची कीर्तनं, म्हणजे ट्रंकेत पडलेल्या कॅसेटी वर्षभर बसून एकेक करून मी डिजिटल केल्यात त्या. ४ टीबीवर याचीच कॉपी, रोज रात्री २ ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करतो तो) आरसिंक (फोल्डरची कॉपी करणारा प्रोग्राम) चालतो. आधी सहा महिने एकच डिस्क होती तेव्हा काही कटकट नव्हती, दुसरी गणपतीत घेतली. आता आठवड्यातून दोनदा तरी सकाळी उठून बघावं तर एक डिस्क गायब, कधी ही कधी ती. डिस्कचा लाईट चालू, पाय चालू, पण फोल्डर उघडलं की रिकामं, नाहीतर इनपुट-आउटपुट एरर. रीस्टार्ट केलं की शहाण्या बाळासारखी परत हजर. केबली बदलल्या, पोर्ट बदलले. दुकानदार म्हणतो डिस्क गेलीय, नवीन घ्या. कुठली घेऊ? की सरळ तयार नॅसच (घरच्या नेटवर्कवर चालणारा डिस्कचा डबा) घेऊ?

उगाच_एक:
पाय ४ जुना झाला रे, पाय ५ घे, विषय संपला.

जुनाखोड:
आधी पाकीट खिशात ठेव. दोन वेगवेगळ्या डिस्क आलटून पालटून जातायत म्हणजे दोष बहुतेक दोघींना सामाईक जे काही आहे त्यात आहे. तीन गोष्टी सांग. पायला चार्जर कुठला आहे? डिस्क नक्की किती वाजता पडते? आणि पडल्यावर रीस्टार्ट न करता डी-मेसेज (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघ, शेवटच्या वीसेक ओळींत काय येतं ते इथे टाक. तू रीस्टार्ट करतोस आणि पुरावा पुसला जातो.

अर्धाचहा:
काका, आज सकाळीच परत पडली, यावेळी हात लावला नाही. वेळ रात्री २ वाजून काही सेकंद. आधी 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड', मग डिस्क रीसेट झाल्याच्या चार-पाच ओळी, मग आय-ओ एररची रांग, आणि शेवटी डिस्कनेक्ट. चार्जर जुन्या मोबाईलचा आहे पण त्यावर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलंय. दिवसा पिक्चर बघताना मात्र कधीच पडत नाही हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

जुनाखोड:
मग उत्तर तूच दिलंस की. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात, प्रत्येकाला नाही, सगळ्यांना मिळून. २.५ इंची डिस्क झोपेतून उठून फिरायला लागते त्या क्षणी एकटी एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते, फिरायला लागली की निम्म्यावर येते. दिवसा पिक्चर बघताना एकच उठते, भागतं. रात्री २ ला आरसिंक दोघींना एकदम उठवतो. कान लावून ऐक कधी, आधी बारीक घूं येईल, मग टक्, मग परत पहिल्यापासून घूं. म्हणजे बिचारी उठायला बघतेय आणि पायात त्राण नाहीत :)
आणि मोबाईलच्या चार्जरवर काय छापलंय ते सोड, लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. पायचा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो तो यासाठीच. व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड ही कमांड मारून बघ, पायला वीज पुरतेय का ते कळतं. शून्य आलं तर ठीक, ५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडून गेलंय, ५०००५ म्हणजे आत्ता या घडीलाही कमी आहे.

अर्धाचहा:
५०००० आलं.

उगाच_एक:
म्हणून तर म्हणतोय पाय ५ घे.

जुनाखोड:
पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावलास तर तो सगळ्या यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, त्याचा ५ अँपिअरवाला घेतला तर १.६ अँपिअर. म्हणजे याच्या जुन्या चार्जरवर आहे त्याहून वाईट होईल. उगाच या नावाला जागू नकोस.

वायरगुंडाळ्या:
नवीन डिस्क नको, स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी ३ हब घे. पण खोक्यावर 'पॉवर्ड' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नको, अडॅप्टरचं लेबल वाच. माझा पहिला हब सात पोर्टांचा आणि त्याला अडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपिअरचा, म्हणजे लग्नाला पाचशे माणसं आणि श्रीखंड दोन किलो. दोन डिस्कसाठी ५ व्होल्ट ४ अँपिअर तरी हवा, १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर आणखी बरं. आणि घरी आल्यावर हब लावून पायचा प्लग काढून बघ, पाय तरीही जिवंत राहिला तर हब उलटी वीज ढकलतोय, परत कर तो. केबल डिस्कबरोबर आलेली आखूडच वापर.
एवढं करूनही पडली तर यूएएस (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलायची पद्धत) बंद करायचं, ते तेव्हा सांगतो, एकदम दोन गोष्टी बदलू नको नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

दळण:
सगळे विजेवर बोलताय पण मला वेगळीच भीती वाटतेय. आरसिंकला डिलीटचा ऑप्शन लावलायस का? कारण मूळ डिस्क रात्री गायब झाली, तिचं फोल्डर रिकामं दिसलं, तर आरसिंकला वाटणार मालकाने सगळं पुसलंय, आणि तो इमानदारीत कॉपीही पुसून टाकणार.

अर्धाचहा:
लावलंय. अंगावर काटा आला. आत्ता लॉग बघितला, त्यात तीन रात्री ओळ आहे की आय-ओ एरर आल्यामुळे फाइल डिलीट करणं टाळतोय. म्हणजे वाचलो ते डिस्क मध्येच धडपडली म्हणून, सुरू व्हायच्या आधीच गायब असती तर आजोबा गेले असते परत एकदा. आणि एसडी कार्ड परवा ९८ टक्के का भरलं होतं तेही कळलं बहुतेक.

दळण:
हो, कॉपीची डिस्क नसताना तेच फोल्डर एसडी कार्डावरचं साधं फोल्डर असतं, त्यात ओतत बसला असेल. डिस्क परत माउंट झाली, म्हणजे त्या फोल्डरला जोडली गेली, की ते खाली झाकलं जातं, म्हणून दिसत नाही. अनमाउंट करून आत बघ आणि साफ कर. स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्ही डिस्कसाठी माउंटपॉइंट कमांडने तपासणी टाक, एक जरी जागेवर नसेल तर तिथेच थांब. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) एसडीए-एसडीबी ही नावं लिहू नको, यूयूआयडी म्हणजे डिस्कचा कायमचा आयडी लिही, डिस्क पडून परत आली की अक्षरं बदलतात. नोफेल पण लाव, म्हणजे डिस्क नसली तरी पाय चालू होतो.
आणि एकाच पायाला लटकलेल्या दोन डिस्कना बॅकअप म्हणू नको, कीर्तनं आजच्या आज पेनड्राइव्हवर घे. ऑडिओ किती जागा खाणार?

उगाच_एक:
स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती) १९९ नंबर बघ, तो वाढत असेल तर यूएसबी केबल खराब.

वायरगुंडाळ्या:
नाही, १९९ म्हणजे डिस्क आणि आतल्या ब्रिज चिपच्या (डिस्कला यूएसबीशी जोडणारी चिप) मधली सीआरसी एरर, म्हणजे वाटेत डेटा बिघडणं, बाहेरची यूएसबी केबल त्यात मोजली जात नाही. बघायचेच तर ५ आणि १९७ बघ, खराब आणि संशयित सेक्टर. तिथे आकडा चढत असेल तर दुकानदार बरोबर.

अर्धाचहा:
दोन्ही डिस्कना ५ आणि १९७ शून्य. अडॅप्टर आणि हब मागवलाय.

(तीन आठवड्यांनी)

अर्धाचहा:
हालहवाल सांगतो. पायचा अडॅप्टर बदलला, १२ व्होल्टवाला हब लावला, गेट-थ्रॉटल्ड शून्य. दहा रात्री शांत. अकराव्या रात्री ४ टीबीवाली परत पडली! यावेळी व्होल्टेजची ओळ नाही, यूएएस अबॉर्ट अशा ओळींची माळ आहे.

वायरगुंडाळ्या:
हां, आता यूएएस. काही डिस्कच्या ब्रिज चिपना ते झेपत नाही, जोरात लिहायला लागलं की अडकतात. एलएसयूएसबी कमांडने त्या डिस्कचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी काढ, मग पाय सुरू होताना वाचतो त्या सीएमडीलाइन फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स बरोबर, पुढे दोन्ही आयडी कोलन देऊन आणि शेवटी कोलन यू. ती फाइल एकाच ओळीत राहिली पाहिजे, चुकून एंटर मारलास तर पाय बूटच होणार नाही, माझी एक रविवार दुपार त्यात गेलीय. वेग थोडा कमी होतो पण फिरत्या डिस्कला काय फरक पडतोय.

अर्धाचहा:
केलं. नऊ रात्री झाल्या, दोघी जागेवर. स्क्रिप्टमध्ये तपासणी टाकली, डिलीट काढून टाकलं, आणि कीर्तनांचा पेनड्राइव्ह बहिणीबरोबर नाशिकला गेला. नवीन डिस्क घेतली नाही, दुकानदार भेटला की अजून विचारतो, घेतली का म्हणून.

दळण:
एखादं कीर्तन ऐकवा की आम्हाला पण.

अर्धाचहा:
टाकतो, पण पहिली पाच मिनिटं पेटीवाला सूर लावतोय आणि मागून कोणीतरी चप्पल हरवली म्हणून ओरडतंय, ते कापू का ठेवू?

जुनाखोड:
ठेव.