मोठेपणी एडीएचडीचं निदान: गोळी, हिंजवडी आणि उघडाच राहणारा टेस्ट प्लॅन

चष्मेवाली

नमस्कार. वय ३४, राहायला पुण्यात कर्वेनगर, हिंजवडी फेज २ मध्ये सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग लीड. मानसोपचारतज्ज्ञांनी दोन भेटींत सविस्तर मुलाखत घेऊन एडीएचडीचं निदान केलंय, लक्ष न टिकण्याचा प्रकार. थायरॉइड आणि बी-१२ तपासून झालं, दोन्ही ठीक. मिथाइलफेनिडेट १० मिग्रॅ, सकाळी एक, असं लिहून दिलंय. आता अडलेल्या गोष्टी:

औषधाच्या दुकानात चिठ्ठी बघूनच परत देतात. ऑनलाइनही मिळत नाही.

साडेदहाच्या स्टँडअपला (टीमची रोजची छोटी बैठक) रोज पाच-दहा मिनिटं उशीर. कितीही लवकर उठलं तरी.

छोटी तिकिटं (सिस्टिममध्ये नोंदवलेली सुटी कामं) पटापट होतात. टेस्ट प्लॅनसारखं (काय-काय तपासायचं त्याचा आराखडा) मोठं काम मात्र तीन-तीन दिवस नुसतं उघडं राहतं.

मॅनेजरला सांगावं का?

कृपया 'ध्यान करा', 'डायरी लिहा' एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय, कसं, ते हवंय.

मात्रा

पहिल्या मुद्द्यापुरतं लिहितो.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, नोंदी वेगळ्या. महिन्याला चार गिऱ्हाइकांसाठी एवढा उपद्व्याप गल्लीतला दुकानदार करत नाही, म्हणून 'नाही' म्हणतो. त्यात तुमच्यावर संशय वगैरे काही नसतो. मोठ्या रुग्णालयांच्या आवारातल्या दुकानांत मिळण्याची शक्यता जास्त. जाण्याआधी फोन करा आणि नाव, मिग्रॅ, साधी गोळी की लांबणीची (हळूहळू सुटणारी, जास्त तास चालणारी), हे तिन्ही विचारा. साधी १० असते पण लांबणीची नसते, किंवा उलट, असं होतं आणि हेलपाटा पडतो.

चिठ्ठी दोन प्रतींत हवी. एक दुकानदार ठेवून घेतो, त्याला ती दोन वर्षं जपावी लागते. तारीख, तुमचं पूर्ण नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती गोळ्या, हे सगळं असलं पाहिजे. 'चालू ठेवा' असं मोघम लिहिलेली चिठ्ठी परत येते. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच मिळतं. फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या तपासणीत शेड्यूल एक्सची औषधं लिहून देता येत नाहीत, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत ती मनाईच्या यादीत आहेत. त्यामुळे दहा गोळ्या उरल्या की पुढची अपॉइंटमेंट घ्यायची. शेवटच्या दिवशी जाग आली तर मधले चार-पाच दिवस कोरडे जातात. हे काम लक्षात ठेवायचं नाही. शेवटच्या दहा गोळ्या सुरू होतात त्या जागी पाकिटावर मार्करने रेघ मारून ठेवायची.

आता घेण्याबद्दल. साध्या गोळीचा अंमल साधारण ३ ते ४ तास. भूक मरते, म्हणून आधी पोहे-उपमा काय असेल ते पोटभर खाऊन मग गोळी. उपाशीपोटी गोळी आणि वर दोन कडक चहा घेतले की छाती धडधडते आणि लोक म्हणतात औषध सोसत नाही. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्मी करा. घरी रक्तदाबाचं मशीन असेल तर आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी, पाच मिनिटं बसून मग रीडिंग. हृदयाचा त्रास, काचबिंदू, किंवा घरात कुणाला बायपोलर असेल आणि ते सांगायचं राहिलं असेल तर आजच डॉक्टरांना कळवा.

सात खान्यांची डबी घ्या. 'घेतली का नाही?' हा प्रश्न पडला आणि अंदाजाने दुसरी घेतली, हा नेहमीचा घोटाळा. खाना रिकामा असेल तर घेतली, विषय संपला. दुपारनंतर आठवलं तर त्या दिवसापुरती सोडून द्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. संध्याकाळी घेतली तर झोपेचं खोबरं होतं.

आणि रोज एक ओळ लिहा: गोळीची वेळ, पहिलं अवघड काम सुरू झालं ती वेळ, संध्याकाळी चिडचिड हो/नाही, झोप किती, पाळीचा कितवा दिवस. पाळीच्या आधीच्या आठवड्यात लक्षणं वाढल्याचं बऱ्याच बायका सांगतात. ती नोंद नसली की 'औषध चालेनासं झालं' असं वाटून डोस उगाच वाढतो. दोन आठवड्यांची ही पानं डॉक्टरांसमोर ठेवलीत तर 'जरा बरं वाटतंय' यापेक्षा त्यांना किती तरी जास्त कळेल.

नळस्टॉप

उशिराचं बघू. लवकर उठल्याने तो जात नाही, कारण गोंधळ उठणे आणि निघणे यांच्या मधे आहे. एडीएचडीत वेळ आतून मोजली जात नाही. 'अजून वीस मिनिटं आहेत' असं वाटतं, त्यात एक कपाट आवरायला घेतलं जातं, आणि घड्याळात पाऊण तास गेलेला असतो.

पोहोचायची वेळ विसरा. बूट घालायची वेळ काढा. समजा तुमच्या वेळेला कर्वेनगर ते फेज २ तासभर लागतो. पार्किंग, गेटवरचं कार्ड, लिफ्ट, जागेवर बसून लॅपटॉप सुरू होणं याला १५ मिनिटं धरा. हीच १५ मिनिटं लोक हिशोबात धरत नाहीत आणि रोजचा उशीर तिथूनच येतो! म्हणजे चाक ९:१५ ला फिरलं पाहिजे, बूट ९:०५ ला. पावसाळ्यात याला आणखी २५ मिनिटं, आणि हा बदल जून लागताच अलार्ममध्येच करून टाकायचा. रोज सकाळी आभाळाकडे बघून ठरवायचा नाही.

अलार्म तीनच, आणि त्यांना कामाचं नाव: 'अंघोळ संपव', 'डबा बॅगेत', 'बूट'. नुसती घंटा वाजली की बोट आपोआप बंद करतं. अलार्मचा आवाज दर महिन्याला बदला, कान सरावतो.

कंपनीची बस किंवा ठरलेली कॅब मिळत असेल तर दुचाकीपेक्षा ती बरी. दुचाकी तुमची वाट बघते, बस बघत नाही. दाराजवळ एकच टोपली ठेवा: चावी, आयडी कार्ड, हेल्मेट, चार्जर. चार्जर दोन घ्या, एक ऑफिसच्या खणात कायमचा. ही उधळपट्टी नाही.

डेडलाईनवाला

तिसरा मुद्दा खरा गाभ्याचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

'टेस्ट प्लॅन तयार करणे' हे काम नाही, तो कामांचा ढीग आहे. मेंदूला हात कुठे घालायचा तेच दिसत नाही, म्हणून तो समोरचं छोटं तिकीट उचलतो. त्यात लगेच 'झालं' मिळतं. ढीग फोडायचा तो डोळ्यांना दिसेल आणि हाताने करता येईल अशा पायरीपर्यंत: मागच्या रिलीजची फाईल उघडून 'सेव्ह ॲज' करणे. जुन्या मॉड्यूलची नावं पुसणे. नव्या मॉड्यूलची सात नावं रिकाम्या मथळ्यांसारखी लिहिणे. पहिली पायरी पाच मिनिटांच्या आतली हवी. 'विचार करणे', 'अभ्यास करणे', 'बघणे' ही क्रियापदं यादीत आली की समजा अजून पुरतं फोडलेलं नाही.

उठताना काम नीटनेटक्या जागी संपवू नका. वाक्य अर्धं सोडा आणि खाली पुढची ओळ लिहा: 'इथून पुढे: पेमेंट फेल झाल्यावरच्या केसेस, आधी यूपीआय'. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. असंच मधेच कुणी हाक मारली तर मान वळवण्याआधी कीबोर्डशेजारच्या वहीत तीन शब्द. समोरच्याला दहा सेकंद थांबवलेलं चालतं.

सोबत बसून काम करणं हा उपाय फुकट आहे आणि फार चालतो. सहकाऱ्याशी ५० मिनिटांचा व्हिडिओ कॉल, माइक बंद. सुरुवातीला एक वाक्य मोठ्याने: 'आता मी लॉगिनच्या केसेस लिहिणार'. शेवटी काय झालं ते एक वाक्य. मधे गप्पा नाहीत. घरून काम असेल त्या दिवशी सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिका बघा. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली असतात, त्या शिस्तीत आपलीही मान खाली जाते. तिथे कॉल घेता येत नाहीत, तेव्हा मिटिंगचा दिवस टाळा. टेबलाशी प्लग पॉइंट आहे का आणि लॅपटॉप चालतो का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

कामाला किती तास लागतील याचा अंदाज देताना डोळे झाकून दुप्पट करण्यापेक्षा मागची दहा तिकिटं काढा. सांगितलेले तास आणि लागलेले तास शेजारी लिहा. जे गुणोत्तर निघेल ते तुमचं. काहींचं दीड निघतं, काहींचं तीन. ते वापरून आकडा द्यायचा आणि घासाघीस झाली तर कमी करायचं ते काम, तास नाही.

अर्धकच्चा

वरच्याशी सहमत. फक्त पोमोडोरोचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. मी तरी सगळ्यांना तेच सांगतो.

डेडलाईनवाला

@अर्धकच्चा, सुरुवात होत नसेल तेव्हा २५ मिनिटं ठीक. पण कसंबसं काम लागलेलं असताना घंटा वाजली तर लागलेली तंद्री मोडते आणि पुन्हा बसायला अर्धा तास जातो. घंटा वाजली तेव्हा हात चालू असेल तर चालू द्यावं, फक्त दीड तासाची वरची मर्यादा हवी. नाहीतर जेवण, पाणी, मिटिंग सगळं हुकतं. दुसरं म्हणजे सुट्टीत फोन हातात घेतला तर ती पाच मिनिटांची सुट्टी राहत नाही. उठून बाटली भरून आणा. टायमरही फोनवर नको, स्वयंपाकघरातला चावीचा घ्या. टायमर लावायला फोन उघडला आणि पंधरा मिनिटांनी रील बघत होतो, हे एडीएचडी नसलेल्यांचंही होतं.

मुठेकाठी

मॅनेजरबद्दल. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नावाने नाही. त्यामुळे नुसत्या निदानाच्या कागदावर सवलत हक्काने मिळेल असं धरून चालू नका. उलट एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि मॅनेजर बदलतात.

माझं मत: निदान सांगू नका, गरज सांगा. 'मिटिंगमधले निर्णय मी दहा मिनिटांत मेलवर टाकते, चुकलं असेल तर दुरुस्त करा.' 'सकाळी ११ ते १ मला चॅटवर पकडू नका, तातडीचं असेल तर फोन.' 'मोठ्या कामाला मधला टप्पा बुधवारी द्या, फक्त शुक्रवारची तारीख नको.' यातली एकही मागणी कुणाला विचित्र वाटत नाही आणि तीनही एडीएचडीला नेमक्या लागू पडतात. तोंडी सूचना मिळाली तर तिथल्या तिथे म्हणून दाखवा: 'म्हणजे आधी रिग्रेशन, मग डेमो, बरोबर?'

एचआरला सांगायची वेळ येते ती विम्यासाठी. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं असतं, पण कंपनीच्या गटविम्यात बाह्यरुग्ण तपासणीचा खर्चच नसेल तर तुमच्या भेटी त्यात बसत नाहीत. पॉलिसीत 'ओपीडी' शोधा, अडचण विमा पोर्टलवर विचारा, मॅनेजरला मधे आणू नका. खाजगी फी जड जात असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. थेरपी हवी असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघून घ्या. 'कोच' म्हणवून घ्यायला इथे कसलीच नोंदणी लागत नाही.

चष्मेवाली

खूप आभार सगळ्यांचे. दोन प्रती वगैरे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणखी एक विचारते. घरातलं: दूध रोज उतू जातं, आणि क्रेडिट कार्डाचं बिल पैसे असून राहतं. सासूबाई आठवण करतात, मग त्यावरून वाद.

नळस्टॉप

दूध: गॅसवर ठेवून 'तेवढ्यात' बाहेर जाणं हेच बंद. शिट्टीचं दुहेरी भांडं मिळतं, मधल्या पोकळीत पाणी भरायचं, दूध करपत नाही, उतू जायची भीती जवळजवळ संपते. ते नको असेल तर इंडक्शनवर वेळ लावून ठेवा, आपोआप बंद होतो. साध्या गॅसवरच तापवायचं तर ओट्यापाशीच करायचं एक काम ठरवून टाका, भांडी जागेवर लावणं वगैरे. स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकायचं असेल तर गॅस बंद करूनच. सासूबाईंना रोजच्या अलार्मच्या जागी बसवू नका, दोघींनाही ते जड जातं.

कार्ड: ऑटोपे लावताना 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' असे दोन पर्याय येतात. घाईत पहिला निवडला जातो आणि बाकीवर व्याज चढत राहतं. पूर्ण निवडा. बिल भरायची तारीख पगारानंतर पाच-सात दिवसांवर आणून घ्या, बँकेला सांगितलं की बदलतात. ऑटोपेच्या खात्यात पैसे नसले की दोन्हीकडून दंड, म्हणून पगाराच्याच खात्याला जोडा. महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं त्याच खात्यावर. मिळकतकर आणि आयकर विवरणपत्र ऑटोपेत बसत नाहीत, त्यांना कॅलेंडरमध्ये दोन नोंदी: एक कागद गोळा करायची, एक भरायची. विवरणपत्राला उशीर झाला तर ५,००० रुपयांपर्यंत शुल्क लागतं.

चष्मेवाली

शेवटचं. शनिवार-रविवार गोळी बंद ठेवली तर चालेल का?

मात्रा

मिथाइलफेनिडेट रोजच्या रोज चढतं-उतरतं, त्यामुळे काही डॉक्टर सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायला परवानगी देतात. ठरवायचं त्यांनी. विचारताना रविवारी तुम्ही काय करता ते सांगा. सिंहगडला दुचाकीवरून जाणार असाल तर त्या दिवशी लक्ष ऑफिसपेक्षा जास्त लागतं. पुढे औषध बदलून ॲटॉमॉक्सेटिन दिलं तर ही सवय तिथे नेऊ नका. ते शेड्यूल एक्समध्ये नाही, मिळायला सोपं आहे, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे रोज घ्यावं लागतं. मधे सुट्ट्या घेतल्या तर मळमळ आणि कोरडं तोंड मिळेल, उपयोग मिळणार नाही. तेही जेवणानंतरच घ्या.