मदत हवी आहे: पेगॅसस (पंखांचा घोडा) आपल्या स्वाराशी बोलणार कसा? (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ, ५वी आवृत्ती, २०१४चे नियम)

राजारामपुरी_डीएम
मोहीम पन्हाळ्यावर बेतलीय. तीन दरवाजातून आत शिरा, नाहीतर सज्जा कोठीच्या बाजूनं आकाशातून उतरा. पॅलाडिनकडं (धर्मयोद्ध्याकडं) पेगॅसस आहे. खेळाडू त्याला पानभर बेत सांगतो आणि विचारतो, "हं, काय म्हणतोय?" बुद्धी १०, म्हणजे चारचौघांइतकी. भाषा समजतात, पण बोलता येत नाही. उत्तर कसं द्यायचं? लढाईत त्याला चालवायचं कुणी? शिवाय रेंजरला (रानातल्या योद्ध्याला) ग्रिफन (अर्धा गरुड, अर्धा सिंह) हवाय, म्हणतो प्राण्यांशी बोलायच्या स्पीक विथ ॲनिमल्स जादूवर भागेल.

पागेदार
ग्रिफनचं नाही भागायचं. ती जादू फक्त बीस्टवर, म्हणजे साध्या प्राण्यांवर चालते. ग्रिफन मॉन्स्ट्रॉसिटी (अचाट प्राण्यांचा वर्ग), बुद्धी २, भाषा एकही नाही. त्याऐवजी जायंट ईगल द्या: बीस्ट आहे, बुद्धी ८, कॉमन समजते, उडण्याचा वेग ८० फूट. फक्त रेंजरला ही जादू रिच्युअल म्हणून (स्लॉट न खर्चता) टाकता येत नाही, त्यामुळं दर १० मिनिटांना एक स्लॉट (जादू टाकायची मोजकी संधी) जाणार.

पेगॅससला टेलिपथी नाही. ती युनिकॉर्नला असते, ६० फुटांपर्यंत, आणि तिथंच लोकांची गल्लत होते. तुमचा पेगॅसस फाइंड ग्रेटर स्टीड या वाहन बोलावायच्या जादूनं आलाय का? तसं असेल तर एक मैलापर्यंत मनातल्या मनात बोलणं चालतं आणि प्रश्नच मिटला.

राजारामपुरी_डीएम
नाही, मैत्रीतून आलाय. जादूचा नाही.

रिकीबवाली
मग खुणा ठरवा, पाच-सहाच. जास्त झाल्या की कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. कान टवकारून एकीकडं: तिकडं कायतरी आहे. कान मागं पाडले: बेत पटला नाही. पंख अर्धे मिटून मान खाली: इथं उतरणार नाही. होयला एकदा खूर, नाहीला दोनदा. पण हवेत खूर आपटायला जमीन कुठाय? तिथं होय-नाही मानेच्या झटक्यावर न्या, स्वाराच्या हाताला अयाळीतून तो लागतोच.

स्वाराकडून टाच, मांडीचा दाब, मानेवर थाप. आवाज बंद करणाऱ्या सायलेन्स जादूच्या २० फूट त्रिज्येत तोंडी हुकूम मेले तरी हे चालू राहतं. खेळाडूला हे एकदा कळलं की तो आपणहून शिकतो.

बिघडतं कुठं सांगते. खेळाडू होय-नाहीचे वीस प्रश्न विचारत बसतो आणि बाकीचे तिघं मोबाईल बघतात. यावर उपाय असा: पेगॅससला जे दिसलं, ऐकू आलं, वास आला तेवढंच त्याचं उत्तर. शत्रूच्या मनात काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधता लक्षात येण्याचा आकडा) १६ आहे, त्यामुळं प्रसंगाला एखादी खूण न विचारता तुम्हीच द्या. पानभर बेत तळावर सांगू दे. लढाईतली फेरी सहा सेकंदांची, तिथं दोन-चार शब्दांपेक्षा मोठा हुकूम नको.

पागेदार
लढाईत चालवायचा प्रश्न राहिला. बुद्धिमान वाहन स्वतंत्र वागतं, असा नियम आहे. त्याचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) वेगळा, ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची. लगाम ओढून डॅश (जास्त धावणं), डिसएंगेज (निसटणं), डॉज (वार चुकवणं) एवढंच करून घेणं हे शिकवलेल्या घोड्याचं काम.

यात एक मेख आहे. पेगॅससची पाळी आधी आली तर तो जवळ नेतो, स्वार वार करतो आणि दोघं पुढच्या पाळीपर्यंत तिथंच अडकतात. स्वार आधी आला तर त्याला वार रेडी (संधी आली की मारायला तयार) ठेवावा लागतो: ॲक्शन, रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतली झटपट कृती) दोन्ही खर्च, शिवाय एक्स्ट्रा अटॅक (जादा वार) मिळत नाही. म्हणून इनिशिएटिव्ह पडल्यावर क्रम बघूनच खुणेचा अर्थ लावा.

राजारामपुरी_डीएम
रविवारी ओगर (धिप्पाड राक्षस) आहेत. काय सुचवाल?

पागेदार
लान्स (स्वाराचा लांब भाला) द्या. पोहोच १० फूट, घोड्यावरून एका हातानं चालतो, फक्त ५ फुटांच्या आत डिसॲडव्हांटेज (फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा). ओगरच्या गदेची पोहोच ५ फूटच, म्हणजे मधला एक चौकोन (५ फुटांचा) सोडून थांबायचं. त्याच्या जॅव्हलिनचं (फेकायच्या भाल्याचं) मात्र बघा: ३० फुटांपर्यंत नीट लागतो, १२०पर्यंत डिसॲडव्हांटेजनं. आणि पेगॅससचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२च आहे.